एका मुलामागे किती संस्था लागतात?

छापा पडतो तेव्हा फोटो निघतो. अर्धवट वर गेलेलं शटर, आत उजेडाने डोळे चोळणारी मुलं, दाराशी पोलीस आणि त्यांच्याबरोबर एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, अमुक इतक्या बालकामगारांची सुटका. वाचणाऱ्याला वाटतं, चला, एक काम मार्गी लागलं. या क्षेत्रात मुरलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल की काम आता कुठे सुरू झालंय, आणि एकट्यादुकट्या संस्थेला ते झेपणारं नाही.

का झेपत नाही ते कळायला एका मुलामागे जाऊन बघू. खरा कुणी नाही, समजुतीपुरता घेतलेला.

वय बारा. घरावर कर्ज. ओळखीतल्याच एका माणसाने आईवडिलांच्या हातावर उचल ठेवली आणि ‘पोराला कामाला लावतो’ म्हणून दूरच्या शहरात नेलं. तिथे एका बंद खोलीत हा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत शिवून आलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापतो. झोपायचं त्याच खोलीत, त्याच कपड्यांच्या ढिगावर. समोरच्या घरातल्या बाईला संशय येतो आणि ती हेल्पलाइनला फोन करते.

आता मोजत चला. फोन घेणारी संस्था ही पहिली. पण तिच्या माणसाने थेट त्या गल्लीत जाऊन चौकशी केली, तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी होते. म्हणून त्याच वस्तीत आधीपासून काही ना काही काम करणारी दुसरी संस्था लागते. लहान मुलांचे वर्ग, बायकांचा गट, दवाखाना, काहीही चालेल. तिचं येणं-जाणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. खातरजमा झाली की गाठ पडते सरकारी यंत्रणेशी. कुठलीही सेवाभावी संस्था आपल्या अधिकारात कुणाचं दार फोडू शकत नाही. ती तक्रार देते, कागद पुढे सरकवते, अधिकाऱ्यांच्या मागे लागते. आत शिरतात ते कामगार निरीक्षक आणि पोलीस.

मुलगा बाहेर आला. मालक म्हणतो, ‘अठराचा आहे, दिसायला बारीक.’ वय सिद्ध करायला जन्माची नोंद नाहीतर शाळेचा दाखला हवा, आणि तो आहे शेकडो किलोमीटर लांब, गावाकडे. तो आणणार कोण? तिथली संस्था. दरम्यान रात्री मुलाने झोपायचं कुठे? निवारागृहात, ते चालवणारी संस्था आणखी वेगळी. जबाब घ्यायचाय, पण त्याची भाषा शहरात कुणाला येत नाही, म्हणून दुभाषा शोधायचा. थकलेली मजुरी आणि नुकसानभरपाई मिळवायची तर वकील हवा. आणि घरी पाठवण्याआधी ते घर पाठवण्याजोगं आहे का, हे कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं. दलालाशी गाठ काकानेच घालून दिली असेल आणि काका त्याच घरात राहत असेल, तर मुलाला गाडीत बसवून देणं म्हणजे त्याला परत दलालाच्या पुढ्यात नेऊन ठेवणं.

एवढं सगळं नीट पार पडलं तरी शाळा राहिलीच. तीन वर्षं पाटी-पेन्सिल न पाहिलेल्या मुलाला वयानुसार सातवीत बसवलं तर काही कळत नाही, आणि दुसरीतल्या लहानग्यांच्या शेजारी बसवलं तर तो लाजेने दुसऱ्या आठवड्यात गायब. मधला पूल म्हणून खास वर्ग चालवावे लागतात. ते चालवणं हे वेगळंच कसब आहे. शिवाय घरचं कर्ज तसंच डोक्यावर आहे.

किती झाल्या? सात-आठ तरी. एवढी सगळी कौशल्यं एका छपराखाली असलेली संस्था मी तरी पाहिलेली नाही, आणि कुणी तसा दावा करत असेल तर मी जरा सावधच होईन.

बादली सांडते कुठे

पूर्वी आग लागली की लोक विहिरीपासून घरापर्यंत रांग करून उभे राहायचे आणि बादल्या हातोहात पुढे जायच्या. संस्थांचं जाळं असंच चालतं. पाणी सांडतं ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. बालमजुरीच्या कामातल्या बऱ्याचशा फजित्या याच जागी होतात. शहरातल्या संस्थेला वाटतं मुलगा गावच्या संस्थेच्या ताब्यात गेला, गावच्या संस्थेला वाटतं तो अजून निवाऱ्यात आहे, आणि मुलगा या दोन समजुतींच्या मधल्या फटीतून दलालाकडे पोहोचलेला असतो.

म्हणून ज्या जाळ्यांना खरंच काम करायचं असतं, ती आधी अगदी रूक्ष गोष्टी ठरवतात. माहितीचा एकच नमुना सगळे वापरतील. मुलाने आपली कहाणी एकदा सांगितली की पुरे. पोलीस, डॉक्टर, समुपदेशक, वकील, निवाऱ्याची अधीक्षिका अशा पाचजणांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हा त्याच्यावर नवा जाच असतो. प्रत्येक मुलामागे एक माणूस नावानिशी जबाबदार राहील, नुसतं ‘संस्था बघेल’ चालणार नाही. मुलाला पुढच्या संस्थेकडे सोपवताना ‘मिळाला’ अशी पोच लेखी घ्यायची. पत्रकारांशी कोण बोलेल ते आधी ठरलेलं असेल, आणि चेहरा दिसणारा फोटो कुणीही कुठेही टाकणार नाही, देणगीदारांच्या अहवालातसुद्धा नाही.

शेवटची अट वाचायला सोपी वाटते, पाळायला फार जड जाते. संस्था देणग्यांवर चालतात आणि रडवेला चेहरा देणगी आणतो. त्यातून सुटकेचा आकडा हा सगळ्यात चमकदार आकडा, त्यामुळे तो प्रत्येकाला आपल्या अहवालात हवा असतो. फोन घेणारी, छाप्याला हजर असलेली आणि निवारा देणारी अशा तिघींनीही तोच मुलगा ‘आमचा’ म्हणून मोजला, तर कागदावर एकाचे तीन होतात. वर्षभरानंतर त्यातला कोण शाळेत आहे याचा रकाना मात्र रिकामा. माझ्या मते या कामाचं मोजमाप करायचं तर तो रिकामा रकाना आधी बघावा.

कुठलं काम म्हणजे बालमजुरी?

हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. सुट्टीत आईवडिलांना हातभार लावणारी प्रत्येक मुलगी बालकामगार नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३च्या १३८व्या करारानुसार कामाचं किमान वय साधारण १५ आहे, अडचणीतल्या देशांना सुरुवातीला १४ची मुभा आहे. हलकं, शिक्षणाच्या आड न येणारं काम १३व्या वर्षापासून चालतं, आणि जोखमीच्या कामाला १८ पूर्ण हवीत. १९९९च्या १८२व्या कराराने त्यातले सर्वांत वाईट प्रकार वेगळे काढले. त्यात वेठबिगारी, तस्करी, लैंगिक शोषण, सशस्त्र संघर्षासाठी सक्तीची भरती, अमली पदार्थांची ने-आण आणि जीवावर बेतणारी कामं येतात.

श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी २०२५च्या जूनमध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती, त्यातली ५ कोटी ४० लाख जोखमीच्या कामात. २००० साली हा आकडा २४ कोटी ६० लाख होता, म्हणजे उतार मोठा आहे. २०१६ ते २०२० या काळात मात्र तो उलटा फिरून वर गेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०२५पर्यंत बालमजुरी संपवायची असं लिहिलेलं होतं. ती मुदत चुकली.

याच अंदाजांत दडलेली एक गोष्ट छाप्यांच्या बातम्यांत कधी दिसत नाही. यातली ६१ टक्के मुलं शेतीत आहेत. आधीच्या, २०२०च्या अंदाजात तर ७२ टक्के बालमजुरी कुटुंबाच्या आतच, घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात, असल्याचं निघालं होतं. तिथे शटर नसतं, मालक नसतो. बापावर छापा घालून काय करणार? म्हणून जाळ्यात कारखान्यावर नजर ठेवणारे जितके लागतात, त्याहून जास्त गावात बसून शाळा, पीक, पाणी आणि कर्ज यांच्याशी झुंजणारे लागतात.

ढाक्याचा धडा

घाईने केलेलं चांगलं काम कसं अंगाशी येतं, याचं उदाहरण म्हणजे बांगलादेशचे कपड्यांचे कारखाने. १९९२मध्ये अमेरिकी संसदेत एक विधेयक आलं. मुलांच्या हातून बनलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असा त्याचा आशय. कायदा काही झाला नाही, पण पुढच्या वर्षी ते पुन्हा मांडलं गेलं तेव्हा कारखानदारांच्या पोटात गोळा आला आणि त्यांनी मुलांना कामावरून काढायला सुरुवात केली. युनिसेफने दिलेल्या अंदाजाप्रमाणे जवळपास ५० हजार मुलं अशी बाहेर पडली. ती गेली कुठे? शाळेत नाही. पुढे त्यांचा माग काढला तेव्हा काही मुलं खडी फोडताना सापडली, काही रस्त्यावर, काही मुली देहविक्रयात. शिलाई मशीनवरून उठून त्याहून वाईट कामावर.

मग सगळे एका टेबलाशी बसले. जुलै १९९५मध्ये कारखानदारांची संघटना, श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शाळेत जागा तयार होईपर्यंत मुलांना काढायचं नाही, शाळेत गेलेल्या मुलाला महिना ३०० टका द्यायचे, आणि जमेल तिथे त्याच्या जागी घरातल्याच मोठ्या माणसाला काम द्यायचं. शाळा चालवायला ब्रॅक आणि गणसाहाय्य संस्था या दोन बांगलादेशी संस्था पुढे आल्या. तीनशे टक्यांत मुलाचा सगळा पगार भरून निघत नव्हता, आणि व्यवस्था शंभर टक्के जमली असंही नाही. तरी त्या कराराने एक क्रम घालून दिला. आधी मुलाला जायला जागा, मग कामावरून काढणं. क्रम उलटा झाला की काय होतं ते ढाक्याने बघितलं होतं.

मालाच्या मागे मागे

जाळ्याची दुसरी जात मालाचा माग काढते. गालिच्यांचं काम १९९४मध्ये ‘मुलांच्या हातून विणलेला नाही’ असं सांगणाऱ्या रगमार्क या खुणेने सुरू झालं. भारतातल्या बालहक्क संघटना, काही जर्मन देणगीदार संस्था आणि निर्यातदार त्यासाठी एकत्र आले होते. आज ती खूण गुडवीव्ह नावाने चालते. प्रत्येक गालिच्याला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून माग थेट मागापर्यंत पोहोचतो. (शब्दखेळ आपोआप झाला, पण पद्धत खरोखर तीच आहे.) निरीक्षक न सांगता येतात, मूल सापडलं तर त्याची सोय लावतात, आणि खर्चाचा काही भाग आयातदारांकडून मिळणाऱ्या शुल्कातून भागतो.

कोकोचं प्रकरण जास्त अवघड. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) आणि घाना इथे पीक लाखो छोट्या शेतकऱ्यांच्या हातात आहे आणि मुलं बहुतेक स्वतःच्याच घरच्या मळ्यात राबतात. २०१८-१९च्या हंगामात या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं या कामात असल्याचा अंदाज शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडला. तिथे २००२पासून कंपन्या आणि सेवाभावी संस्था मिळून चालवत असलेला आंतरराष्ट्रीय कोको उपक्रम आहे. गावातलाच एक माणूस नेमतात. तो घरोघर जातो, गप्पा मारतो, मूल काय उचलतं, कोयता हाताळतं का, शाळेत गेलं का, हे टिपून घेतो. मग त्या घराला काय हवंय ते बघतात. बऱ्याचदा ती गोष्ट इतकी साधी असते, की जन्मदाखला नाही म्हणून मुलाचं शाळेतलं नावच पुढे सरकत नसतं.

या जोडीदारीवर टीकाही होते आणि ती रास्त आहे. ज्या कंपनीच्या मालावर नजर ठेवायची, तिच्याच पैशांवर काम चालत असेल तर आवाज किती चढणार? आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव वाढत नाही तोवर घराघरांत जाऊन किती समजावणार? म्हणून चांगल्या जाळ्यांत आत बसून काम करणाऱ्या संस्थाही लागतात आणि बाहेर उभं राहून दगड मारणाऱ्याही. दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही. तरी चालतं.

कापसाचा किस्सा

बाहेरून दबाव आणि आतून माहिती यांची सांगड कशी बसते, ते उझबेकिस्तानात दिसलं. तिथे मुलांना राबवणारा कुणी दलाल नव्हता. राबवत होतं खुद्द सरकार. शरद ऋतूत कापूस फुटला की शाळा बंद व्हायच्या आणि मुलं शिक्षकांसह शेतात, प्रत्येकाला रोजचा वेचणीचा कोटा. अशा ठिकाणी तक्रार करणार कुणाकडे?

२००७मध्ये कॉटन कॅम्पेन नावाची आघाडी उभी राहिली. तिच्यात मानवाधिकार संघटना होत्या, कामगार संघटना होत्या, जबाबदारीने पैसे गुंतवणारे फंड होते. कामाची वाटणी स्पष्ट होती. देशातले स्थानिक कार्यकर्ते जीव धोक्यात घालून शेतात जायचे, फोटो आणि नोंदी गोळा करायचे. त्यांतल्या काहींना अटकही झाली. देशाबाहेरच्या संस्था ती माहिती पडताळून अहवाल काढायच्या. बाकीचे तो अहवाल घेऊन कपड्यांच्या कंपन्यांची दारं ठोठवायचे. ३००हून जास्त ब्रँड आणि दुकानदारांनी उझबेक कापूस जाणूनबुजून वापरणार नाही, अशी लेखी हमी दिली.

२०१२च्या सुमारास सरकारने लहान मुलांना सरसकट शेतात नेणं थांबवलं. एखाद्या आघाडीने इथे हारतुरे घेतले असते. पण मुलं गेली त्या जागी मोठ्यांची सक्ती वाढली, शिक्षक आणि नर्स वेचणीला जाऊ लागले. नर्स शेतात गेली की दवाखाना ओस पडतो, मास्तर शेतात गेला की वर्ग भरत नाही, म्हणजे किंमत शेवटी मुलंच मोजणार. आघाडीने बहिष्कार मागे घेतला नाही. सरकारने राबवलेली सक्तीची वेचणी २०२१च्या हंगामात झाली नाही हे स्थानिक निरीक्षकांनी स्वतः पाहून सांगितलं, तेव्हा कुठे मार्च २०२२मध्ये तो उठला. पंधरा वर्षं गेली.

अशी चिकाटी जागतिक पातळीवर याआधीही दिसली होती. १७ जानेवारी १९९८ला मनिलाहून बालमजुरीविरोधी जागतिक यात्रा निघाली. शंभरहून जास्त देशांतल्या संस्था तिच्यात सामील झाल्या. कैलाश सत्यार्थी तिचे एक प्रमुख प्रवर्तक होते, पुढे २०१४चा शांततेचा नोबेल त्यांना मलाला युसूफझाईबरोबर मिळाला. जूनमध्ये ती जिनिव्हात पोहोचली आणि एरवी सूटबूटवाल्यांनी भरणाऱ्या श्रम संघटनेच्या परिषदेच्या सभागृहात स्वतः मजुरी केलेली मुलं शिरली. पुढच्याच वर्षी १८२वा करार एकमताने मंजूर झाला. २०२०मध्ये टोंगाने सही केली तेव्हा श्रम संघटनेच्या सगळ्या १८७ सदस्य देशांनी तो स्वीकारलेला होता. संघटनेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

आतली भांडणं

हे वाचून सगळ्या संस्था हातात हात घालून चालतात असं वाटलं असेल, तर तसं नाही. मुळातच मतभेद आहेत. तेलंगणातल्या एम. व्ही. फाउंडेशनसारख्या संस्थेची भूमिका सरळ आहे, शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालकामगारच, मग ते घरी धाकट्या भावंडाला का सांभाळत असेना. उलट लॅटिन अमेरिकेत काम करणाऱ्या मुलांच्या स्वतःच्या संघटना आहेत. त्या म्हणतात, आमचं काम बंद करू नका, ते सुरक्षित करा, मजुरी नीट द्या. बोलिव्हियाने २०१४मध्ये त्यांचं ऐकून काही अटींवर दहाव्या वर्षापासून कामाला परवानगी देणारा कायदा केला, पुढे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती परवानगी मोडीत काढली. मला पहिली बाजू जास्त पटते, पण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या मुलांनाच खोलीबाहेर ठेवून ठराव करणाऱ्या जाळ्यांबद्दल दुसरी बाजू जे बोलते, ते खोटं नाही.

दुसरं भांडण पैशाचं. देणगी मिळते ती प्रकल्पाला, प्रकल्प दोन-तीन वर्षांचा. मुलगा शाळेत टिकायला त्याहून जास्त लागतात. मोठी संस्था मुख्य निधी घेते, त्यातला थोडा गावच्या लहान संस्थेकडे झिरपतो, आणि सोबत भलामोठा हिशेबाचा तक्ता येतो. काही देणगीदारांनी हे उलटं करून बघितलं. २०१३मध्ये सुरू झालेला फ्रीडम फंड शोषण दाट असलेला एखादा पट्टा निवडतो आणि तिथल्या अनेक लहान संस्थांना एकदमच निधी देऊन ठरावीक काळाने एकत्र बसवतो. त्यांनी एकमेकींना ओळखणं, हाच निम्मा उद्देश. शेजारच्या तालुक्यातली बाई कोण आहे हे माहीत असेल तर रात्री अकराला फोन करता येतो.

आता पुन्हा आपल्या मुलाकडे. दाखला मिळाला, वय बारा ठरलं, घरची चौकशी झाली, काका वेगळा राहतो असं कळलं, मुलगा घरी गेला. सहा महिन्यांनी गावची कार्यकर्ती त्याच्या शाळेत जाऊन हजेरीपट बघते. मधल्या आठवड्यात चार दिवस गैरहजर. ती घरी जाते. आई म्हणते ताप होता. ती औषधाची चिठ्ठी मागत नाही, नुसती बसते, चहा घेते, कर्जाचं काय झालं ते विचारते. मग शहरातल्या संस्थेला कळवते, मुलगा शाळेत आहे.

आता त्याची फाइल बंद करायची का? निवारागृहाने ती तो घरी गेला त्याच दिवशी बंद केली. देणगीदाराच्या नियमाप्रमाणे ती शाळेत नाव घातल्यावर बंद व्हायला हवी. वकील म्हणते, खटल्यात त्याची साक्ष व्हायचीय, तोवर नाही. कार्यकर्तीचं म्हणणं, उचल फिटेपर्यंत तिला दर महिन्याला त्या घरी जावंच लागेल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा तिसरा आहे.